दहा ग्रॅम मणी, सहा तास

मणीकाम विकणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा सर्रास चालतो. सामानाचा खर्च काढायचा, त्याला तीनने गुणायचं, की झाली किंमत. पाठ करायला सोपा आहे, म्हणून टिकलाय. तो खरा ठरतो का, हे बघायला दोन दागिने शेजारी ठेवावेत.

पहिला दागिना म्हणजे ४५ सेंटिमीटरची एकपदरी माळ. सहा मिलिमीटरचे चांगले खडे, म्हणजे साधारण ७५ नग. ते तारेत ओवायचे, दोन्ही टोकांना क्रिम्प (तार पकडून ठेवणारी धातूची बारीक नळी) दाबायचे, फासा लावायचा. सराव असला तर चाळीस मिनिटांचं काम. खडे महाग असतील तर तिप्पट केल्यावर भरपूर उरतं. दुसरा दागिना म्हणजे बारीक काचमण्यांचा, सुईने विणलेला, अडीच सेंटिमीटर रुंदीचा मनगटपट्टा. त्याला लागतात जेमतेम दहा ग्रॅम मणी, सहा मीटर दोरा आणि एक फासा. या सामानाची तिप्पट केली तर जे येतं, त्यात विणणाऱ्याची निम्मी मजुरीही निघत नाही. दोन्हींना एकच सूत्र लावलं, तर पहिल्यात विकणारा फायद्यात राहतो आणि दुसऱ्यात स्वतःच्या हाताने स्वतःला लुबाडतो. मग गिऱ्हाईक ‘एवढ्याशा मण्यांचे एवढे?’ म्हणालं की वाईट वाटतं. पण किंमत मण्यांच्या तागडीत तोलायची सुरुवात आपणच केलेली असते.

मणीकामाला कमी लेखलं जातं, हे खरंच आहे. मात्र त्यातला बराचसा भाग गिऱ्हाइकाच्या तोंडून बाहेर पडण्याआधी टेबलावरच ठरून गेलेला असतो, असं आमचं मत आहे. म्हणून आधी टेबलाकडे बघू.

त्या मनगटपट्ट्याचा हिशेब सरळ मांडता येतो. ११/० मापाचा जपानी डेलिका मणी साधारण १.६ मिलिमीटर व्यासाचा आणि १.३ मिलिमीटर लांबीचा असतो. (काचमण्यांच्या मापात आकडा जितका मोठा तितका मणी बारीक. म्हणजे १५/० हा ११/० पेक्षा लहान आणि ८/० मोठा. नवीन माणूस इथे हमखास उलटी ऑर्डर देतो.) पेयोट विणीत, म्हणजे मणी एकाआड एक सरकवून बसवतात त्या विणीत, वीस मणी रुंद घेतले की पट्टा सुमारे २.६ सेंटिमीटर होतो. लांबी १६ सेंटिमीटर धरली तर प्रत्येक रांगेत शंभर मणी बसतात. एकूण दोन हजार. एका ग्रॅममध्ये हे मणी दोनशेच्या आसपास भरतात, म्हणून दहा ग्रॅम.

आता वेळ. नक्षीचा कागद बघत विणताना मिनिटाला आठ मणी हा सरावलेल्या हाताचा सावध वेग आहे. दोन हजारांना अडीचशे मिनिटं. त्याआधी मणी निवडायचे. जाड, चपटे, अर्धवट भोकाचे बाजूला काढायचे. त्याला वीस मिनिटं. दोरा एका वेळी दीड मीटरपेक्षा लांब घेतला की गुंता होतो आणि सुईच्या नाक्यापाशी तो झिजतो. दोन्ही टोकांची शेपटं सोडली तर दर दोऱ्याचे सव्वा मीटरच कामी येतात. म्हणजे सहा मीटरला पाच दोरे आणि चार जोड. जुनं टोक विणीत मुरवून नवं बसवायचं, जोडाला पाच मिनिटं, मिळून वीस. फासा शिवणं, त्याच्या कडीतून दोरा तीन-चार वेळा फिरवणं, उरलेली शेपटं जिरवणं, हे सगळं अर्ध्या तासाचं. फोटो, माहिती लिहिणं, चिठ्ठी, बांधणी यांना चाळीस मिनिटं. बेरीज ३६० मिनिटं. सहा तास.

किंमत पैशात मांडण्याआधी तासांत मांडून बघावी, डोळे उघडतात. सहा तासांची मजुरी. सामानाला साधारण एका तासाच्या मजुरीइतका खर्च आला असं समजू. जागा, वीज, मोडलेल्या सुया, पक्कड, बिघडलेले नमुने यांच्या वाट्याचा आणखी एक तास. झाले आठ. त्यावर धंद्याचा नफा म्हणून एक तास. नऊ. ही झाली घाऊक किंमत, म्हणजे दुकानदाराला द्यायची. किरकोळ किंमत त्याच्या दुप्पट धरायची पद्धत आहे, म्हणजे अठरा तास.

‘दुप्पट कशाला, मी तर थेट विकते,’ असा प्रश्न इथे हटकून येतो. थेट विकणं म्हणजे दुकानदाराचं काम स्वतः करणं. स्टॉलचं भाडं, दिवसभर उभं राहणं, ऑनलाइन बाजाराची वर्गणी, परत आलेली पार्सलं, न खपलेला माल, हे सगळं त्या दुसऱ्या नऊ तासांतून भागतं. शिवाय थेट विक्रीत नऊला दिलेला पट्टा उद्या कुठल्याही दुकानात ठेवता येत नाही. दुकानदार नऊला घेणार आणि अठराला विकणार, आणि तोच पट्टा तुमच्याकडे नऊला मिळतोय हे त्याच्या गिऱ्हाइकाला कळणार. तो दुसऱ्यांदा फोन करत नाही. विकल्यावर पैसे देणारी दुकानं विक्रीच्या तीस ते पन्नास टक्के ठेवून घेतात, तेव्हाही हाच हिशेब लागू पडतो. दुकानातली आणि स्वतःची किंमत एकच ठेवायची.

अठरा तासांच्या मजुरीइतका मनगटपट्टा घेणारी माणसं असतात, पण थोडी. इथे दोन वाटा फुटतात. बहुतेक जण वाईट वाट धरतात आणि ‘माझ्या वेळेचं काय धरायचं’ म्हणत मजुरी खोडून टाकतात. आमच्या मते मजुरी खोडण्यापेक्षा नक्षी खोडावी.

नक्षी कमी करण्यातही फसगत आहे, म्हणून तीही मोजून बघावी. पट्टा निम्म्या रुंदीचा केला, दहा मण्यांचा. वीण सव्वाशे मिनिटांवर आली, निवडणं दहा-बारावर, दोऱ्यांचे जोडही कमी झाले. पण फासा शिवायला तितकाच अर्धा तास लागतो. फोटो आणि बांधणीलाही तीच चाळीस मिनिटं. बेरीज २१५ च्या पुढेमागे येते. म्हणजे रुंदी निम्मी झाली तरी वेळ साठ टक्के उरला. ‘अर्ध्या रुंदीचा, अर्ध्या किमतीत’ अशी चिठ्ठी लावणारी माणसं अशीच प्रत्येक नगामागे थोडी थोडी झिजतात.

मागावर विणलं तर? माग झटपट वाटतो, कारण वीस मण्यांची पूर्ण ओळ एकदम सुईत भरून ताण्याखाली सरकवता येते. ओळीला मिनिटभर धरा, शंभर ओळींना शंभर मिनिटं. ताणा चढवायला वीस. पण वीस मण्यांच्या पट्ट्याला ताण्याचे एकवीस दोरे लागतात आणि त्यांची बेचाळीस टोकं शेवटी लोंबत राहतात. एकेक विणीत मुरवायला दोन मिनिटं म्हटली तरी चौऱ्याऐंशी मिनिटं गेली. मणी निवडणं आणि फासा धरून एकंदर २५५ मिनिटांच्या आसपास. पेयोटला तेवढ्याच कामाला ३२० लागली होती. तासाहून थोडा जास्त वेळ वाचला, ही काही थोडी बचत नाही, पण मागाकडून लोकांची जी अपेक्षा असते तिच्या मानाने कमीच. टोकं गाठून चामड्याच्या पट्टीखाली दडवली तर आणखी वेळ वाचतो. मात्र चामड्याच्या कडेला तो पट्टा आधी तुटतो, हे ध्यानात ठेवून मग ठरवावं.

कानातली हा मणीकामाचा खरा कमावता माल आहे. ब्रिक विणीतला, म्हणजे भिंतीतल्या विटांसारख्या विणीतला, चौकोनी हिरा घ्या, मधली ओळ नऊ मण्यांची, वर आणि खाली एकेक कमी होत जाणारी. एका हिऱ्यात ८१ मणी, जोडीत १६२. वीण वीस मिनिटांची, दोऱ्याला आठ, हूक लावायला पाच. नक्षी एकदा बसली की फोटोही एकदाच काढायचा, कारण पुढच्या वीस जोड्यांना तोच चालतो. कानातल्याला मनगटाचं माप घ्यावं लागत नाही, ते मनगटासारखं टेबलावर आपटत नाही, आणि चेहऱ्याशेजारी असल्यामुळे लोकांना दिसतं. एवढ्या सोयींच्या मानाने त्याला मिळणारा भाव चांगलाच म्हणायचा.

वेळ मोजताना पहिल्या नगाची वेळ धरू नये. पहिला नग म्हणजे रचना. त्यात उसवणं, रंग बदलणं, मापं चुकणं सगळं येतं. घड्याळ लावावं ते तिसऱ्या नगाला. रचनेत गेलेले तास वेगळे लिहून ते अपेक्षित नगांवर वाटावेत. रचनेला आठ तास गेले आणि दहा पट्टे विकायचा अंदाज असला, तर दर पट्ट्यावर ४८ मिनिटं चढवावीत. एकच नग होणार असेल तर आठही तास त्या एकाच नगावर. ‘एकमेव नग’ महाग असायला हवा तो या कारणाने. त्याला गूढ कलामूल्य वगैरे द्यायची गरज नाही.

तासाची मजुरी ठरवतानाही एक गोष्ट निसटते. दिवसात सुईचं काम चार-पाच तासांच्या वर नीट होत नाही. मान आखडते, डोळे थकतात, सहाव्या तासात विणलेलं सातव्या तासात उसवावं लागतं. बाकीचा वेळ खरेदी, निरोपांना उत्तरं, हिशेब यांत जातो आणि त्याचे पैसे वेगळे कुणी देत नाही. म्हणून सुईच्या तासाचा दर नोकरीतल्या तासाएवढा ठेवून चालत नाही. तो दीडपटीच्या वरच लागतो.

इथवर टेबलाचं झालं. आता समोर उभ्या असलेल्या माणसाचं.

‘असंच तिकडे कितीतरी स्वस्त मिळतं.’ या वाक्याला बहुतेक जण ‘ते मशीनचं असतं हो’ असं उत्तर देतात. ते चुकीचं आहे. साच्यातली पदकं, ओतीव कड्या यंत्रावर होतात. पण मणी एकेक उचलून सुईने विणलेला पट्टा आजही हातानेच होतो, स्वस्तातला असो की महागातला. तो स्वस्त आहे याचा अर्थ कुणाचे तरी तास मोजलेच गेले नाहीत, किंवा मणी, दोरा आणि रंग यांत काटछाट झाली आहे. पहिली गोष्ट गिऱ्हाइकाला ऐकवण्यात हशील नाही, ती तक्रार वाटते. दुसरी दाखवता येते. पट्टा उलटा करून हातात द्यावा. मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ आहे का, दोऱ्याची शेपटं दिसतात का, बोटावर टाकल्यावर तो कापडासारखा वळतो की पुठ्ठ्यासारखा ताठ राहतो. हे तीन फरक न बोलता कळतात.

मात्र ते दाखवायला माल तसा हवा. मणीकामाची पत घसरण्यात निकृष्ट मणीकामाचाही वाटा आहे. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे धातूची झाक चढवलेले साधे मणी घामाने महिन्या-दोन महिन्यांत उघडे पडतात. त्यातल्या टिकाऊ लेपाच्या जाती मिळतात, त्या घ्याव्यात. वरून रंग दिलेले गुलाबी आणि जांभळे मणी उन्हात फिके होतात. चांदीचं अस्तर असलेल्या मण्यांचं भोक काळवंडतं. नवा रंग घेतला की पाच-सहा मणी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवावेत आणि रंग सुटतो का ते बघावं. आणखी काही मणी अर्धे झाकून खिडकीत उन्हाला ठेवावेत. दोन आठवड्यांनी दोन्ही बाजूंत फरक दिसला तर तो रंग दागिन्यात घालू नये. काचेच्या स्फटिकांची धार नायलॉनचा दोरा कापते. तिथे फायरलाइनसारखा विणीव दोरा वापरावा आणि स्फटिकाच्या दोन्ही बाजूंना १५/० चा एकेक मणी घालावा, म्हणजे दोरा धारेवर घासत नाही. क्रिम्प साध्या पकडीने चपटा केला की त्याची कड तारेला चावते आणि माळ तिथेच तुटते. दोन खाचांची क्रिम्पची पक्कड वापरून आधी घडी, मग गोलाई द्यावी. कडी उघडताना टोकं एकमेकांपासून लांब ओढू नयेत, एक पुढे आणि एक मागे अशी पिळावी, नाहीतर ती पुन्हा नीट मिटत नाही. असा एखादा दागिना गळ्यातून ओघळला की ते गिऱ्हाईक पुढे कोणाच्याही मणीकामाला भाव देत नाही.

‘हे तर मी घरी करीन.’ याचा राग मानायचं काही कारण नाही. हो म्हणावं, कोणते मणी आणि किती नंबरची सुई लागेल तेही सांगावं. डेलिकाला दहा नंबरची चालते, पण दोरा एकाच मण्यातून तीन-चारदा न्यायचा असेल तर बारा नंबरची घ्या, असं. काही जणी खरंच करतात आणि मग त्यांच्यासारखं जाणतं गिऱ्हाईक दुसरं नाही. बाकीच्या तिथेच विचारात पडतात.

‘दहा घेते, लावून द्या.’ इथे पाय घसरतो, कारण घाऊक म्हटलं की स्वस्त हे डोक्यात बसलेलं असतं. हातकामात दहा नगांना दहापट वीण लागते. दहाव्या पट्ट्याचे मणीही दोन हजारच असतात. वाचतो तो फोटोचा, बांधणीचा, मणी निवडण्याचा थोडा वेळ, नगामागे फार तर अर्धा-पाऊण तास. सूट द्यायचीच तर त्या वाचलेल्या वेळेएवढी द्यावी. सूट नेहमी आधी नफा खाते, मग मजुरी. दोऱ्याचं आणि मण्यांचं बिल सुटीनंतरही पुरतं भरावंच लागतं. घाऊक नऊ तासांत नफा एकाच तासाचा आहे. तिथे दोन तासांची सूट दिली की दुसरा तास मजुरीतून गेला.

नात्यातली आणि ओळखीतली माणसं सगळ्यात अवघड. त्यांच्यासाठी निराळी किंमत ठेवण्यापेक्षा वर्षातून काही वस्तू चक्क भेट द्याव्यात आणि बाकी सगळं चिठ्ठीवरच्या भावाने. ‘आपल्यातलीच आहेस म्हणून’ अर्ध्यात दिलेली वस्तू पुढे अर्ध्याचीच म्हणून ओळखली जाते. त्या मावशी तिघींना भाव सांगतात, आणि तिघीही त्याच भावाने मागायला येतात. भेट दिलेल्या वस्तूला भावच नसतो, त्यामुळे ही भानगड होत नाही.

भाव सांगताना तास सांगावेत का? याबद्दल मतं वेगळी आहेत. आमचं मत नाही असं आहे. निदान आपणहून तरी सांगू नयेत. ‘याला सहा तास लागले’ म्हटलं की समोरचा लगेच किंमत भागिले सहा करतो आणि तुमची मजुरी जास्त की कमी हा वाद सुरू होतो. त्यात सामान, जागा, न खपलेला माल हे काही धरलेलं नसतं. विचारलंच तर सांगावं, खोटं सांगू नये. नाहीतर वस्तू किती टिकेल, दुरुस्तीचं काय, मनगटाला कसा बसेल, हे बोलावं. भाव एकदाच सांगावा आणि थांबावं. ‘पण तुम्हाला कमी करून देईन’ हे शेपूट आपणच लावतो, पुष्कळदा समोरच्याने काही विचारण्याआधी.

मांडणीनेही भाव पडतो. परडीत ढीग करून ठेवलेल्या मण्यांच्या वस्तू लोक चिवडतात आणि चिवडलेल्या वस्तूला भाव देत नाहीत. इलॅस्टिकमध्ये ओवलेली ब्रेसलेटं विणलेल्या पट्ट्याशेजारी ठेवली तर पट्ट्याची किंमत ब्रेसलेटाच्या मापाने मोजली जाते. त्यांचं टेबल वेगळं हवं, किंवा ती नकोतच. प्रत्येक वस्तूवर भाव लिहिलेला हवा. भाव नसला की निम्मी माणसं विचारायला लाजून निघून जातात आणि उरलेली घासाघीस गृहीत धरून विचारतात. आरसा उजेडाकडे तोंड करून ठेवावा. अंगावर चढलेली वस्तू हातातल्यापेक्षा लवकर विकली जाते.

सांगून करून घेण्याच्या कामात निम्मे पैसे आधी घ्यावेत, कारण त्या रंगाचे मणी दुसऱ्या कुणाला चालतीलच असं नाही. दोन-तीन सेंटिमीटरचा नमुना विणून दाखवावा, त्याचे पैसे धरावेत, आणि रंगबदल दोनदाच फुकट हे आधी लिहून द्यावं. मनगटाचं माप हाडाच्या खाली टेप टेकवून घ्यावं आणि फासा धरून एकूण लांबी त्यापेक्षा दीड सेंटिमीटर जास्त ठेवावी. ‘सैल हवं’ याचा अर्थ प्रत्येकाच्या लेखी वेगळा असतो, म्हणून कागदाची पट्टी मनगटावर गुंडाळून त्यावर खूण करून घेतलेली बरी.

प्रत्येक कामाचे दोन ग्रॅम मणी वेगळ्या पुडीत, रंगाचा क्रमांक आणि तारीख लिहून जपावेत. त्याच क्रमांकाचा पुढचा घाणा छटेत थोडा वेगळा निघू शकतो आणि दुरुस्तीचं ठिगळ लांबून दिसतं. दोरा तुटला तर वर्षभर फुकट दुरुस्ती आणि मणी फुटले तर मजुरी, असं चिठ्ठीवर छापावं. हे आश्वासन किंमत ऐकून थबकलेल्या माणसाला तासांच्या हिशेबापेक्षा लवकर पटतं. नीट विणलेल्या पट्ट्याला त्याची गरज क्वचितच पडते.

न खपलेला पट्टा उसवून मणी परत मिळवायचा मोह होतो. दहा ग्रॅम मणी सुटे करायला, दोऱ्याचे तुकडे वेचायला आणि रंग वेगळे करायला तासभर सहज जातो, आणि त्या मण्यांची किंमत तासभराच्या मजुरीएवढी क्वचितच असते. मणी फार महाग नसतील तर उसवू नये. भावही पाडू नये, कारण पूर्ण भावाने घेतलेल्या माणसाला ते कधी ना कधी दिसतंच. पट्टा सहा महिने बाजूला ठेवावा, फासा बदलावा, दुसऱ्या दुकानात पाठवावा. तीच नक्षी पुन्हा विणायची नाही, एवढं मात्र वहीत लिहून ठेवावं.

आणि भाव वाढवायचा असला तर तो आधी नव्या नक्षींवर वाढवावा. जुन्या नक्षींच्या चिठ्ठ्या एकाच दिवशी, एकदमच बदलाव्यात. ज्यांनी आधीच आगाऊ रक्कम दिली आहे त्यांना जुन्याच भावाने द्यावं. ‘मागच्या वेळी कमी होतं’ म्हणणाऱ्याला ‘हो, आता हा आहे’ एवढं पुरतं.